दुनळी : ताबा, मालकी आणि देणं

जुन्नर-आंबेगावची मंडळी समोर बसली आहेत आणि तत्त्वज्ञानाचा एक निवृत्त प्राध्यापक बंदुकीवर बोलणार आहे, हे थोडं विचित्र वाटेल. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'मालकी म्हणजे काय' असं सांगितलं होतं. ते म्हणाले, "सर, विषय जड होईल, एखादं उदाहरण घ्या." उदाहरणासाठी लांब जावं लागलं नाही. आमच्या गावाकडच्या घरात कपाटात एक जुनी बेल्जियन दुनळी आहे. ती आमची आहे, असं सगळे म्हणतात. ती नेमकी कोणत्या अर्थाने आमची आहे, एवढंच आज पाहायचं आहे. आणि हो, वर्गात 'आम्ही' म्हणायची जुनी खोड आहे, ती सांभाळून घ्या.

आधी वस्तू ओळखून घेऊ. दुनळी म्हणजे शेजारी-शेजारी दोन नळ्यांची बंदूक. नळ्या आतून गुळगुळीत, रायफलीसारखे पीळ नसलेल्या. आमची बारा बोअरची आहे. हे 'बारा' कुठून आले? एक पौंड शिसं घ्या, त्याच्या बारा सारख्या गोळ्या करा. त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसते ती बारा बोअर. भोक साधारण १८.५ मिलिमीटर. म्हणून सोळा बोअर ही बारापेक्षा बारीक असते, जाड नव्हे. अनेकांचा तिथे घोटाळा होतो.

आमच्या वडिलांनी ती १९५१ साली पुण्याच्या लष्कर भागातल्या एका परवानाधारक दुकानातून जुनीच घेतली. साहेब लोक मायदेशी जाताना ज्या वस्तू मागे सोडून गेले, त्यातली ती असावी. आधीचा मालक कोण, हे वडिलांना कोणी सांगितलं नाही. पण बंदूक स्वतःबद्दल बरंच सांगते, वाचता आलं पाहिजे. नळ्या सोडवून उलट्या केल्या की खालच्या अंगाला लंबगोलात ई.एल.जी. ही अक्षरं, खाली चांदणी आणि वर मुकुट दिसतो. हा बेल्जियममधल्या लिएज शहराच्या कसोटीघराचा शिक्का. तिथे प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढतात, आणि टिकली तरच शिक्का मारतात. मुकुट १८९३ पासून आला. १९२२ पासून वर्ष दाखवणारं अक्षरही मारू लागले, ते आमच्या बंदुकीवर नाही. म्हणजे ती या दोन सालांच्या मधली. शेजारी सिंहाची छोटी खूण आणि पी.व्ही. ही अक्षरं आहेत. धूर न करणाऱ्या नव्या दारूची कसोटी झाल्याची ती खूण. ती नसेल, किंवा नळीवर नागमोडी नक्षी असेल, तर सावध व्हावं. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून केलेल्या त्या दमास्कस नळ्या. दिसायला फार सुंदर, पण त्या मुख्यतः काळ्या दारूच्या जमान्यातल्या. भिंतीवर शोभतात, तिथेच असू द्याव्यात.

जुनी बंदूक हातात घेतली की वडील आधी दोन गोष्टी करत. नळ्या वेगळ्या करून एका बोटावर टांगायच्या आणि टिचकी मारायची. देवळातल्या लहान घंटेसारखा लांबणारा नाद आला तर दोन्ही नळ्यांमधला जोड घट्ट आहे. आवाज फुटक्या मडक्यासारखा आला तर डाक कुठेतरी सुटला आहे. मग बंदूक जोडून, बंद करून उजेडासमोर धरायची. नळ्यांचं मागचं तोंड आणि त्यामागची पोलादी भिंत यांच्या फटीतून उजेड दिसला तर ती ढिली झाली आहे. अशी बंदूक कारागिराकडे नेल्याशिवाय काडतूस घालायचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या बंदुकीत काडतुसाची जागा ६५ मिलिमीटर लांब आहे. आज सर्रास मिळणारं काडतूस ७० चं असतं. गंमत, म्हणजे खरं तर धोका, असा की ७० चं काडतूस ६५ च्या जागेत आरामात बसतं. कारण हा आकडा उडालेल्या काडतुसाचा आहे. न उडालेल्याचं तोंड आत दुमडलेलं असतं, त्यामुळे ते आखूड असतं. बंदूक बंद होते, काही अडत नाही. बार उडतो तेव्हा दुमड उलगडते, पुठ्ठा पुढच्या निमुळत्या भागात शिरतो, छर्ऱ्यांची वाट आवळली जाते आणि दाब वाढतो. शंभर वर्षांच्या नळीला तो सोसेलच असं नाही. आपल्या खडकीला दारूगोळा कारखाना आहे, १८६९ सालचा. तिथली 'शक्तिमान' काडतुसं आपल्याकडे सगळ्यांना माहीत. ती घ्या नाहीतर दुसरी घ्या, डब्यावरची लांबी वाचल्याशिवाय घेऊ नका. बसतं म्हणजे चालतं असं नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चालवायची कशी? आमच्या बंदुकीला बाहेर दोन घोडे आहेत, ते अंगठ्याने मागे ओढावे लागतात. खाली दोन चाप. पुढचा चाप उजवी नळी उडवतो, मागचा डावी. उजव्या नळीचं तोंड मोकळं, त्यामुळे छर्रे लवकर पसरतात, जवळच्यासाठी. डावीचं तोंड किंचित आवळलेलं, त्याला चोक म्हणतात, ते लांबच्यासाठी. रायफलीसारखा एक डोळा मिटून नेम धरायचा नाही. दोन्ही डोळे उघडे, गाल दस्त्याला टेकलेला, नजर तबकडीवर. हात नजरेच्या मागोमाग जातात. तबकडीच्या पुढे जाऊन चाप ओढायचा आणि ओढल्यावरही हात थांबवायचे नाहीत. थांबवले की बार मागे पडतो. दस्ता खांद्याच्या खळगीत घट्ट धरला तर धक्का म्हणजे ढकलल्यासारखा वाटतो; सैल धरला तर दुसऱ्या दिवशी हात वर जात नाही.

हे सगळं वडिलांनी आम्हाला रिकाम्या बंदुकीवर शिकवलं. शाळेत असताना सुट्टीत रोज संध्याकाळी अर्धा तास, आणि काडतूस एकही नाही. "रिकामी आहे असं तुला माहीत आहे. बंदुकीला माहीत नाही," असं ते म्हणत. ते गेले १९८३ साली. बंदूक दुकानात जमा झाली, वारस म्हणून आम्ही अर्ज केला, आणि बऱ्याच महिन्यांनी आमच्या नावचा परवाना आला. आम्ही पहिला खरा बार काढला तो नेमबाजीच्या मैदानावर, चौतिसाव्या वर्षी. तबकडी फुटली नाही. शिकवणारा माणूस मात्र फार जवळ उभा आहे असं वाटलं.

आता मालकीकडे येऊ. मराठीत आपण तीन तऱ्हांनी बोलतो. 'मला दोन भाऊ आहेत', 'शेत माझं आहे', 'चावी माझ्याकडे आहे'. भाऊ ही मालमत्ता नाही, ते नातं आहे. शेत मालकीचं. चावी नुसती ताब्यात, ती घर शेजाऱ्याचं असलं तरी आपल्याकडे असू शकते. प्लेटोच्या 'थिएटेटस' या संवादात सॉक्रेटिस असाच फरक करतो. एखाद्याने अंगरखा विकत घेतला पण अंगावर घातला नाही, तर तो त्याच्या मालकीचा आहे, पण त्याने तो धारण केलेला नाही. सॉक्रेटिसचं बोलणं तिथे ज्ञानाबद्दल चाललं आहे. आम्हाला मात्र ते वाचताना दर वेळी आमचं कपाट आठवतं.

कारण बंदूक ही अशी वस्तू आहे की तिची किंमत तुम्ही मोजलेली असते आणि परवानगी सरकारची असते. इंग्रजांनी १८७८ साली शस्त्र कायदा केला. हिंदी माणसाला परवाना हवा, युरोपियनांना सूट. त्या अपमानाची आठवण एवढी खोल होती की १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला. राज्यघटनेत मात्र तो आला नाही. आला तो १९५९ चा शस्त्र कायदा. त्यात गुळगुळीत नळीची, निदान वीस इंच नळीची बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी, आणि पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, यांना थोडी सवलतीची वाट ठेवली आहे. ग्रामीण भागात परवाना जिल्हाधिकारी देतात. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवल्या, वारशाने आलेल्याही त्यातच धरून. परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच केली. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात, पावती घ्यायची. आणि आपल्या भागात आणखी एक कलम लागतं. १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य झालं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय देता येत नाही, आणि जुन्या परवानेवाल्यांनाही नोंद करावी लागते. पश्चिम आंबेगावात ज्यांच्याकडे आजोबांची बंदूक आहे, त्यांनी हे बघून ठेवावं.

मग ही बंदूक आमची की आमच्याकडे? आम्ही म्हणू, शेतापेक्षा ती चावीच्या जवळची. पण या उत्तरावर समाधान मानता येईना, याला कारण एक रात्र आहे.

ती रात्र समजायची तर आपला मुलूख समजला पाहिजे, आणि तो तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. कुकडी प्रकल्प झाला. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे ही धरणं आली. डिंभ्याच्या पाण्यात मूळ आंबेगाव गाव गेलं, तालुक्याला नाव मात्र राहिलं. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, साखर कारखाने आले. वर्षभर उभ्या असलेल्या उसात बिबट्याला आडोसा मिळाला, आणि वस्तीवर कुत्री, शेळ्या, वासरं आहेतच. त्याची पिल्लं उसातच जन्मतात. गावात त्याला बिबट्या कोण म्हणतं, वाघच म्हणतात. त्यात शेतीची वीज कित्येकदा रात्रीची, म्हणजे दारं धरायला अंधारात बांधावर जायचं. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात माणसांवरचे हल्ले एकदम वाढले.

२००२ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गावी होतो. आमचा चुलत भाऊ शेजारच्या मळ्यात वस्ती करून राहतो. रात्री अकराच्या सुमारास दार वाजलं. हातात विजेरी, पायात चपला नाहीत. त्याच्या कुडाच्या गोठ्यातून वाघाने दुसरी शेळी नेली होती. पहिली चार दिवसांपूर्वी गेली होती. गोठ्याला लागून ओटा, आणि ओट्यावर त्याची दोन पोरं झोपायची.

"दादा, दुनळी द्या," तो म्हणाला. "उसाच्या कडेलाच बसलाय, शेळी खातोय. आत्ता गेलो तर सापडंल."

आम्ही नाही म्हणालो.

तो आधी समजावत राहिला, मग चिडला. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाला, "बंदूक तुमची, शेळ्या आमच्या." आणि अंधारात निघून गेला. पुढे सात-आठ महिने आमच्याशी बोलला नाही.

आता, आमचा नकार बरोबर होता का? कायद्याने तर होताच. परवाना नसलेल्याच्या हाती बंदूक देणं हा देणाऱ्याचाही गुन्हा. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. अंगावर आला आणि स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना, प्रामाणिकपणे, मारला गेला तर तो गुन्हा नाही, अशी तरतूद आहे. पण शेळी खात बसलेल्यावर चालून जाणं त्यात बसत नाही.

व्यवहाराने विचार केला तरी तेच. आमच्याकडची काडतुसं बारीक छर्ऱ्यांची, तबकडीची. ती पस्तीस-चाळीस मीटरपुढे निरुपयोगी, आणि त्याच्या आत ती बिबट्याला मारत नाहीत, जखमी करतात. जखमी जनावर उसात शिरलं की पहाटे त्याच उसात कोण जाणार? दारं धरणारा, किंवा ऊसतोडीला आलेली माणसं, ज्यांची पोरं फडाच्या कडेला कोपीत झोपतात. शिवाय अंधारात उसावर झाडलेला बार उसापलीकडे कोण आहे ते विचारत नाही.

आणि तत्त्वज्ञानाने? प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या पहिल्याच भागात हा प्रश्न आहे. म्हातारा सेफालस म्हणतो, न्याय म्हणजे खरं बोलावं आणि ज्याचं त्याला परत द्यावं. सॉक्रेटिस विचारतो, मित्राने शुद्धीवर असताना तुझ्याकडे शस्त्र ठेवायला दिलं आणि भान सुटल्यावर मागायला आला, तर देशील? कोणीही नाही म्हणेल. हा उतारा आम्ही पस्तीस वर्षं शिकवला. त्या रात्री मात्र लक्षात आलं की उदाहरण आमच्या बाजूने नीट लागत नाही. आमचा भाऊ वेडा नव्हता. त्याचं भान आमच्यापेक्षा जास्त जागं होतं. गोठा त्याचा होता, पोरं त्याची होती. दुसरं म्हणजे, सेफालस तिथून पूजेला उठून जातो आणि गोष्ट पुढे सरकते. शस्त्र न मिळालेला तो मित्र घरी गेला, त्याचं काय झालं, हे कोणी विचारत नाही.

आमच्या मते खरा प्रश्न तिथे सुरू होतो. "बंदूक तुमची, शेळ्या आमच्या" या वाक्यात अर्धं सत्य होतं. साधन एकाच्या हातात आणि धोका दुसऱ्याच्या दारात, अशी वाटणी असेल तर साधन अडवून धरणारा नुसता 'नाही' म्हणून मोकळा होत नाही. नकार बरोबर असला तरी त्या नकाराने त्याच्या डोक्यावर देणं येतं. ताबा आमच्याकडे, म्हणजे ते देणंही आमच्याकडे.

हे कळायला आम्हाला तीन दिवस लागले, हे कबूल करतो. मग वनखात्याकडे अर्ज करायला त्याच्या थोरल्या मुलाबरोबर आम्ही गेलो. मेलेल्या जनावराची भरपाई मिळते, पण पंचनामा वेळेत व्हावा लागतो. कुडाचा गोठा पाडून विटांचा केला, वर जाळी, लोखंडी दार, कडी बाहेरून. अर्धा खर्च आम्ही उचलला. ओट्यावर झोपणं बंद झालं, अंगणात दिवा आला. भावाने 'नको' म्हटलं नाही आणि 'बरं' पण म्हटलं नाही. नवा गोठा झाल्यापासून त्याची शेळी गेलेली नाही. वाघ अजून येतो, मळ्यातल्या ओल्या मातीत पंजे दिसतात.

नंतर आणखी एक गोष्ट वाचनात आली. तेव्हा पिंजरे लावून बिबटे पकडायचे आणि लांब जंगलात सोडायचे, असं चाललं होतं. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नरचा अभ्यास करून २०११ साली मांडलं की जिथे असे बिबटे सोडले गेले, त्या भागात माणसांवरचे हल्ले वाढले. म्हणजे संकट उचलून दुसऱ्याच्या दारात ठेवलं, एवढंच झालं. मन त्या रात्रीच्या बंदुकीकडेच गेलं. समोरचं जनावर दूर करायचं, हा उपाय हाताशी असतो आणि लगेच करता येतो. काडतूस बसतं. चालतं का, हा प्रश्न वेगळा.

मग विचाराल, एवढं सगळं असताना बंदूक ठेवलीच कशाला? प्रश्न रास्त आहे. वर्षातून दोनदा आम्ही मैदानावर दहा-बारा बार काढतो. पावसाळ्याआधी आणि नंतर नळ्यांतून गज फिरवतो, तेलाचा हात देतो. भीमाशंकरकडून येणाऱ्या दमट हवेत चार महिने दुर्लक्ष केलं तर आतून गंजाचे खड्डे पडतात, आणि ते परत भरून येत नाहीत. नळ्या, दस्ता आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपात. शंभर वर्षांपूर्वी लिएजमधल्या कोणा कारागिराने कानशीने जुळवलेला जोड अजून आवाज न करता बंद होतो. तो बंद करताना वडिलांचा हात आठवतो. एवढंच कारण आहे, आणि ते पुरेसं आहे की नाही हे आम्ही दर नूतनीकरणाला स्वतःला विचारतो.

२०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानेवाल्याला सत्तर वर्षं पूर्ण झाली, किंवा बंदूक पंचवीस वर्षं त्याच्याकडे असली, तर तो हयात असतानाच वारसाच्या नावे करता येते. आमच्या बाबतीत दोन्ही झालं आहे. मुलगा परगावी, त्याला नको आहे. मुलगी म्हणते, मी घेईन. आम्ही तिला सांगितलं, सुरक्षेचं प्रशिक्षण तर नियमानेच घ्यावं लागेल. पण आमची एक अट वरची आहे. काकांच्या वस्तीवर जा, चार दिवस राहा, रात्री त्यांच्याबरोबर दारं धरायला जा. मग ठरव.

ती मागच्या महिन्यात जाऊन आली. अर्ज अजून टेबलावर आहे, सही झालेली नाही. ती म्हणते, "बाबा, कुणी रात्री मागायला आलं तर काय करायचं, ते ठरलं की सही करते."

आम्ही तिला घाई केलेली नाही.